पिशवीचा गुरुवार

तुमच्या घरात आत्ता किती प्रकारच्या गोळ्या आहेत, आणि त्यांतली कुठली कोणासाठी, कशासाठी आहे, हे तुम्हाला जागेवरून न उठता सांगता येईल?

प्रामाणिकपणे उत्तर द्या. फ्रिजवरचा डबा आठवा. देवघराखालचा खण आठवा. गेल्या वर्षीच्या तापातल्या उरलेल्या चार गोळ्या, ‘असू दे, कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेल्या. शेजारणीने ‘मला फार गुण आला’ म्हणत दिलेलं चूर्ण. कसबा पेठेतल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे मी सहा वर्षं उभी राहिले, आणि या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा माणूस मला एकदाही भेटला नाही.

नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसांनी लिहायच्या असतात, हे मला माहीत आहे. मी तिशी नुकतीच ओलांडली आहे. पण ते दुकान आता नाही, आणि जे नाही त्याच्याविषयी लिहायला वयाचा दाखला लागत नाही. शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. त्या सहा वर्षांत आमच्या दुकानातली सगळ्यात मोठी चूक गिऱ्हाइकाने केली नाही, डॉक्टरांच्या अक्षराने केली नाही. मी केली. छापून केली. तिच्यापायी अण्णा नावाचा एक माणूस मरता मरता वाचला.

दुकान तांबोळी सरांचं. पेठेत त्यांच्या तीन पिढ्या गेलेल्या. सर स्वतः फार्मासिस्ट, आणि फार्मासिस्ट म्हणजे खणातला डबा काढून देणारा माणूस असं कुणी म्हटलं की त्यांचा आवाज एकदम हळू व्हायचा. सरांचा आवाज हळू झाला की समजायचं, समोरच्याची आता धडगत नाही. “बरोबर आहे आपलं,” ते म्हणायचे. “डबाच काढून देतो. कुठला काढायचा, एवढंच शिकायला चार वर्षं लागली.”

बाहेरच्या लोकांना आमचं काम थोडक्यात सांगते. डॉक्टर औषध लिहितो ते एका आजारासाठी. माणसाला मात्र आजार एक नसतो आणि डॉक्टरही एक नसतो. गुडघ्याचा वेगळा, साखरेचा वेगळा, डोळ्यांचा वेगळा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात अशी जगात एकच जागा असते, ती म्हणजे आमचं काउंटर. तिथे उभ्या असलेल्या माणसाने नुसती पट्टी कापून दिली तर त्याने धंदा केला. मान वर करून एक प्रश्न विचारला तर काम केलं.

सरांचा प्रश्न विचारायचा दिवस गुरुवार. का, तर गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जायची. इन्सुलिनच्या फ्रिजला इन्व्हर्टर होता, बाकी कॉम्प्युटर, पंखा, बिलाचं मशीन सगळं गप्प. सर म्हणाले होते, “यंत्रं झोपली आहेत तोवर माणसांशी बोलून घेऊ.” आणि त्यांनी रीत पाडली. गुरुवारी सकाळी यायचं, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची आणि काउंटरवर पालथी करायची. सगळी म्हणजे सगळी. गोळ्या, पातळ औषधं, मलम, काढे, पावडरी. “तोंडावाटे आत जातं ते सगळं मला बघायचंय,” सर म्हणायचे. “जिभेवरच्या शिव्या सोडून.”

लोक यायचे. काउंटरसमोरच्या बाकड्यावर ओळीने पिशव्या मांडीवर घेऊन बसायचे, जणू भाजीच घेऊन निघालेत. एकमेकांच्या पिशव्यांत डोकावायचे. “तुमची पिवळी गोळी माझ्यापेक्षा मोठी आहे हो,” असं एका आजोबांना दुसऱ्यांशी जरा मत्सरानेच बोलताना मी ऐकलं आहे.

सरांचे तीन प्रश्न ठरलेले. कधी घेता? कशाबरोबर घेता? आणि तिसरा, घरात स्वयंपाक कोण करतं?

तिसऱ्या प्रश्नाने लोक गडबडायचे. सर म्हणायचे, “मीठ कमी खा, तेल कमी खा, असं मी यांना सांगणार, आणि हे माना हलवणार. पळी यांच्या हातात आहे का? नाही. मग सांगून उपयोग काय?” ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बोलावून घ्यायचे. त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचे. आणि त्यांचा सल्ला कधीच ‘अमुक सोडा’ असा नसायचा. लोणच्याशिवाय घास न उतरणाऱ्या एका गृहस्थांना ते म्हणाले, “लोणचं खा की. फक्त बरणी ताटाजवळ नको, आतल्या फडताळात ठेवा. हवं तेव्हा उठून घ्यायचं, आणि आपलं आपण घ्यायचं. सूनबाईंनी आणून द्यायचं नाही.” महिन्याभराने ते गृहस्थ चिडून सांगत आले की उठायचा कंटाळा येतो म्हणून लोणचं निम्म्यावर आलंय. “अरेरे,” सर म्हणाले.

एकदा शेजारच्या गल्लीतल्या जोशीबाईंची पिशवी उलटली. सरांनी दोन पट्ट्या उचलून शेजारी शेजारी ठेवल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, आतलं औषध एकच. एक साखरेच्या डॉक्टरांनी दिलेली, एक गावाला गेल्यावर तिकडच्या डॉक्टरांनी.

“जोशीबाई, एकाच पाहुण्याला तुम्ही दोन नावांनी दोनदा जेवायला वाढताय.”

“म्हणजे मी दुप्पट गोळी खातेय? तरीच दुपारी गरगरतं! मी आपली सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते.”

“मग आता घरी जाऊन तिची माफी मागा.”

“माफी कशाला? एक गोळी बंद करते, तेवढं पुरे.”

“गोळी बंद तुम्ही नाही करायची आणि मीही नाही. डॉक्टरांना फोन लावतो, ते सांगतील कुठली.” सर फोनकडे वळले. “माफी मात्र आपली आपण मागायची. त्याला चिठ्ठी लागत नाही.”

मी हे सगळं बघत होते, आणि खरं सांगते, मला घाई झाली होती. दर गुरुवारी पंधरा माणसं. पेठेत माणसं किती? शहरात किती? ही अशी एकेक पिशवी उलटत बसलो तर लोक शहाणे कधी होणार?

ही घाई माझ्या घरातली. आमच्याकडे पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. पप्पा मार्केट यार्डात हमाल. दिवसभर पोती वाहायची आणि संध्याकाळी पत्रकं वाटायची. हमालांच्या मागण्यांची, दारूबंदीची, विहारातल्या अभ्यासवर्गाची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून, म्हणून मला पहिल्यांदा वाचता आलेला शब्द ‘आई’ नव्हता, ‘जाहीर’ होता. आमच्या घरात अशी श्रद्धा होती की खरी गोष्ट मोठ्या टायपात छापून माणसाच्या हातात दिली की जग बदलतं. मी अजूनही ती पूर्ण सोडलेली नाही.

आणि मग अण्णा होते.

अण्णांनी तांबट आळीत उभं आयुष्य तांबं ठोकलं. बंब, हंडे, घंगाळी. ठोकून ठोकून कान गेले. सत्तरी उलटलेली, दंड अजून लोखंडासारखे, पण ऐकू येणं शून्य. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगितलेल्या सल्ल्यात मायेचा आवाज राहत नाही, तो दम दिल्यासारखा वाटतो. म्हणून सर त्यांच्या गोळ्यांच्या कागदी पाकिटांवर लिहून द्यायचे. सकाळच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र, खाली एक ओळ. ‘अण्णा, ही जेवल्यावर.’ ‘अण्णा, पाय सुजले तर लगेच येणे.’ अण्णा ती पाकिटं गोळ्या संपल्यावरही टाकायचे नाहीत. कानांनी दगा दिल्यापासून त्यांचा विश्वास फक्त कागदावर होता. अण्णांना रक्तदाब होता आणि मूत्रपिंडं थोडी अशक्त झाली होती. हे मला माहीत होतं. त्यांची पिशवी मी स्वतः दोनदा उलटून पाहिली होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे.

सर पंधरा दिवसांसाठी लेकीकडे सोलापूरला गेले. दुकान माझ्यावर. मी पत्रक लिहिलं.

मथळा होता, ‘मीठ : घरात लपलेला शत्रू!’ उद्गारचिन्ह माझं. अण्णांना चष्म्याशिवाय वाचता यावं इतका मोठा टाइप. रक्तदाबाविषयी सगळं खरं लिहिलं, आणि शेवटी, सणसणीत: ‘पांढऱ्या मिठाचा डबा आजच रिकामा करा! बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापरा. रोज शहाळं घ्या. तुमचं आरोग्य तुमच्या हातात!’ पप्पांच्या ओळखीच्या छापखान्यात छापून घेतलं. पप्पांनी पहिली प्रत नाकाजवळ नेऊन शाईचा वास घेतला. “माझ्या पत्रकांत मागण्या असायच्या,” ते म्हणाले, “तू तर उत्तरच छापलंस.” त्या रात्री मला अभिमानाने झोप लागली नाही.

वाटताना पहिली प्रत अण्णांना दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली, घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरी, तू आमच्यासाठी छापलंस!” बाकीच्या प्रती मी सर यायच्या आत पेठेत घरोघर वाटून टाकल्या.

आता यात चूक काय ते सांगते. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पुष्कळ लोकांना ते चालतं, फायद्याचंही ठरतं. पण ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांना जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या ते आणखी धरून ठेवतात. अण्णांच्या पिशवीत तशा दोन होत्या. वर मी शहाळं सांगितलं, त्यातही पोटॅशियमच. ते वाढलं की पायांतलं बळ जातं आणि मग हृदय ठोका चुकवायला लागतं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण घेतले होते. पत्रक लिहिताना मला ते आठवलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर जनता होती. जनतेला मूत्रपिंडं नसतात.

सर परत आले. अण्णा एक गुरुवार आले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी त्यांच्याऐवजी काकू आल्या, अण्णांच्या पत्नी. हातात पिशवी.

“पाय उचलत नाहीत म्हणतात,” काकू म्हणाल्या. “हंडा उचलणारा माणूस, काल उंबऱ्यावर बसून राहिला. छातीत फडफडतंय म्हणतात. मी म्हटलं वय झालं, तर माझ्यावरच रागावले.”

सरांनी पिशवी पालथी केली. ओळखीच्या पट्ट्या पडल्या. सूर्य-चंद्राची पाकिटं पडली. आणि सगळ्यात शेवटी, धप्प करून, मिठाचं पाकीट. अर्धं संपलेलं. त्याला रबराने गुंडाळलेलं माझं पत्रक.

“तुम्हीच म्हणता ना, तोंडात जातं ते सगळं आणा,” काकू म्हणाल्या. “आता हेच मीठ घरात. रोज शहाळं. यांनी पत्रक भिंतीला लावलं होतं, म्हणाले, त्यात लिहिलंय तसंच करायचं.”

सरांनी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. मग पत्रक वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. लाईट नव्हती, पंखा बंद होता, आणि त्या शांततेत बाकड्यावरच्या पाच-सहा माणसांनीही पिशव्यांशी चाळा थांबवला. सरांनी पाकीट परत पिशवीत टाकलं. काकूंना म्हणाले, “रिक्षा बोलावतो. घरी थांबायचं नाही, अण्णांना घ्यायचं आणि थेट हॉस्पिटल. मी पुढे फोन करतो. हे पाकीट पत्रकासकट बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा.”

तिथे छातीचा ईसीजी काढला आणि अण्णांना लगेच आत घेतलं. सहा दिवस ठेवलं. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर काकूंना म्हणाले. काकूंनी ते मला सांगितलं, आणि मग स्वतःच माझी समजूत काढायला लागल्या. ते मला सहन झालं नाही.

मी सरांना राजीनामा लिहून दिला. त्यांनी वाचून खणात ठेवला. “सुजाताबाई,” ते म्हणाले. एरवी मी नुसती सुजाता. “तुमच्या पत्रकात खोटं एक अक्षर नाही. पण पत्रकाला डोळे नसतात. ते हातात घेणाऱ्याची पिशवी बघू शकत नाही. तुम्हाला डोळे होते. आधी ती पत्रकं परत आणा, मग राजीनाम्याचं बघू.”

संध्याकाळी पप्पांना सांगितलं.  त्यांनी पत्रकं वाटायची शबनम पिशवी खुंटीवरून काढली आणि खांद्याला लावली. “चल,” म्हणाले. “आयुष्यभर वाटली. गोळा करायला पहिल्यांदाच निघतोय.”

चार संध्याकाळी आम्ही बापलेक कसब्याच्या गल्ल्यांतून हिंडलो. प्रत्येक दाराशी मी तेच वाक्य म्हणायची, की मी चुकीचं छापलंय, पत्रक परत द्या, मीठ बदललं असेल तर दुकानात येऊन भेटा. काहींनी पत्रकाच्या शेंगदाण्याच्या पुड्या बांधून टाकलेल्या. काहींनी ते वाचलंच नव्हतं. माझ्या आयुष्यात मला वाचक नसल्याचा आनंद तेव्हाच झाला. एका दारात एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “निवडणुकीत आश्वासनं छापणाऱ्यांनी कधी परत नेली नाहीत पत्रकं. तुम्ही राजकारणात नाही चालणार.” पप्पा पहिल्यांदा हसले. “नकोच चालायला, म्हणून तर फिरतोय, दादा,” म्हणाले.

फक्त एक प्रत मिळाली नाही. अण्णा घरी आल्यावर मी गेले. पाटीवर लिहून त्यांना सगळं सांगितलं, चूक माझी, पत्रक द्या. अण्णांनी वाचलं, पाटी पुसली आणि म्हणाले, “ते नाही देणार. माझ्यासाठी छापलेला कागद आहे.” मी रडायला लागले तर वैतागले. “रडतेस काय? घंगाळं पहिल्या ठोक्याला गोल होतं का?”

पुढच्या गुरुवारी ते आले. काठी टेकत, काकूंच्या खांद्यावर हात. पिशवी माझ्यासमोर पालथी केली. सरांसमोर नाही. “बोल,” म्हणाले, “काय खाऊ?”

 मी सरांकडे बघितलं. सर पट्टी कापत होते, त्यांनी मान वर केली नाही. “तुलाच विचारतायत,” म्हणाले. “तू नाही सांगितलंस तर ते आणखी कुणाला तरी विचारतील. तो पिशवी बघेलच असं नाही.”

मी एकेक पट्टी बघितली. हॉस्पिटलचा कागद बघितला. काकूंना विचारलं, स्वयंपाक कोण करतं? त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं झाली, अजून विचारताय? मग मी एक कागदी पाकीट घेतलं आणि लिहिलं. ‘अण्णा, घरातलं साधंच मीठ, पण काकू घालतील तेवढंच. ताटात वरून नाही.’ अण्णांनी ओठ हलवत वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. माझा राजीनामा त्या खणातून कधी बाहेर आला नाही.

दुकान तीन वर्षांपूर्वी बंद झालं. काही नाट्यमय घडलं नाही. सरांच्या डोळ्यांना बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, आणि औषधाच्या डब्यावरचं वाचता येत नसेल तर उभं राहू नये, असं त्यांचं मत होतं. ते सोलापूरला लेकीकडे गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी मधूनमधून वाट वाकडी करून तिथून जाते. काउंटर होतं तिथे काचेची मांडणी आहे, बाकडं गेलं. गुरुवारी मात्र पाय तिकडे वळवत नाही. गुरुवारी मला अजून पिशव्या उलटल्याचा आवाज येतो, पट्ट्यांची ती सळसळ.

मी आता शहराबाहेर, मांजरी गावाच्या बाजूला एका गोदामात काम करते. तुम्ही मोबाइलवर औषधं मागवता ना, ती चिठ्ठीशी जुळतात का हे पडद्यावर बघणारा कुणीतरी असतो. ती मी. दिवसाला शेकडो चिठ्ठ्या. चेहरा एकही नाही. तिथे आरोग्याचा सल्ला भरपूर वाटला जातो, रोज प्रत्येकाच्या मोबाइलवर एक, सगळ्यांना तोच. मोठ्या टायपात. उद्गारचिन्हासकट. पहिल्या दिवशी तो मी दोनदा वाचला. मीच लिहिल्यासारखा होता.

मी एक गोष्ट करते, जी कामात बसत नाही. कसब्याचा पत्ता दिसला की थांबते. गेल्या उन्हाळ्यात तसाच एक पत्ता आला. तांबट आळी. मागवणाऱ्याचं नाव अण्णांच्या नातवाचं, चिठ्ठी अण्णांची. पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या त्या दोन गोळ्यांतली एक अजून चालूच. आणि खाली, रक्तदाबाच्या औषधांवर भेट म्हणून, कमी सोडियमच्या मिठाचं एक पाकीट. फुकट.

आम्ही गिऱ्हाइकाला फोन करायचा नसतो. मी केला.

“मॅम, ऑर्डर कॅन्सल नका करू प्लीज,” नातू म्हणाला. “सॉल्ट फ्री आहे त्यात.”

“घरात स्वयंपाक कोण करतं?”

“काय? हॅलो, हा फ्रॉड कॉल आहे का?”

“आजीला फोन दे.”

काकू आल्या. माझा आवाज त्यांनी अर्ध्या वाक्यात ओळखला. “अगं सुजाता! दुकान कुठे हलवलंत गं? आम्ही शोधतोय.” दुकान बंद झालं, एवढंच म्हणाले. मग मिठाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी ठेवीन बाजूला. पण यांना मोबाइलवर मोठ्या अक्षरांत काय काय दाखवतो हा. छापलेलं म्हटलं की यांना खरंच वाटतं. माझं ऐकायला कान नाहीत. तूच ये आणि लिही.”

त्या गुरुवारी मी रजा टाकली. जाताना सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “पिशवी बघशील ना आधी?”

अण्णा खूप वाळले आहेत. दंडावरची कातडी सैल झाली आहे. मला बघून त्यांनी नातवाला पिशवी आणायला लावली आणि ती स्वतःच्या हातांनी जमिनीवर पालथी केली. मी मांडी घालून बसले. एकेक पट्टी हातात घेतली, तीन प्रश्न विचारले, काकूंनी उत्तरं दिली, नातू मोबाइल खाली ठेवून बघत होता. एका गोळीविषयी डॉक्टरांना विचारायला हवं होतं, त्यांना तिथूनच फोन लावला. एक तास गेला. मांजरीच्या गोदामात तेवढ्या वेळात मी साठ माणसं संपवते.

“आता लिही,” अण्णा मोठ्याने म्हणाले. मी पाकीट शोधू लागले, तर त्यांनी मला थांबवलं. कपाटातून एक डबा काढला, त्यातून जुनी सूर्य-चंद्राची पाकिटं, आणि त्यांच्या तळातून चार घड्यांचा एक कागद. ‘मीठ : घरात लपलेला शत्रू!’ घड्यांवर फाटलेला, हळदीचा डाग पडलेला. त्यांनी तो उलटा करून माझ्यासमोर ठेवला.

“मागची बाजू कोरीच आहे,” म्हणाले. “इथे लिही. एकाच माणसाला.”

मी लिहिलं.

आता तुम्हाला विनंती. तुमच्या हातातलं हे पानही पत्रकच आहे, यालाही डोळे नाहीत. हे वाचून घरातली एकही गोळी बंद करू नका, एकही सुरू करू नका, मिठाचा डबासुद्धा जागचा हलवू नका. एवढंच करा. एक कापडी पिशवी घ्या. फ्रिजवरचं, देवघराखालचं, उशाखालचं, शेजारणीने दिलेलं, मोबाइलवरून फुकट आलेलं, तोंडात जातं ते सगळं तिच्यात भरा. येत्या गुरुवारी, गर्दी नसेल अशा वेळी, चालत जाता येईल अशा मेडिकलमध्ये जा आणि काउंटरवर ती पालथी करा. पलीकडचा माणूस दचकेल. दचकू द्या. म्हणा, “अहो, जरा बघता का?” त्याने मान वर करून घरात स्वयंपाक कोण करतं असं विचारलं, तर ते दुकान सोडू नका.